दोन ते आठ अंश

म्हापशाच्या बाजारात, चुरमुऱ्यांच्या दुकानामागे
माझा फ्रिज. पांढरा, दाराचं रबर सैल.
बाबा दुकानाला बोतीक म्हणायचे, फ्रिजला देव्हारा.
आत दोन ते आठ अंश, आणि लहान लहान वाक्यं:
अमिनो आम्लांची अक्षरं एकाला एक जोडलेली,
नऊ, एकतीस, चौतीस, एक्कावन्न.
बहुतेक पोटात गेली की मोडतात, म्हणून सुई.

इन्सुलिन सगळ्यांत वडील. शंभरी ओलांडलेलं,
घरात कोणी त्याचं नाव काढत नाही,
जेवण चुकलं की मात्र घाम, थरथर, डोळ्यांपुढे काळोख.
व्यंकू पेडणेकर त्यासाठी खिशात दोदोल ठेवायचा.
मी ग्लुकोजची पुडी दिली. दोदोल आता मला आणून देतो.

ऑक्सिटोसिन नऊ अक्षरांचं.
प्रसूतिगृहात बाळंतिणीचं रक्त थांबवतं,
गोठ्यात चोरून म्हशीच्या मानेत जातं.
कुपी तीच. कोणाच्या हातात आहे, एवढंच विचारायचं असतं,
आणि विचारायला रात्री गोठ्यावर कोण जातो?

आनास्तासिया बाय इगर्जीच्या पायरीवर पडली,
खुबा मोडला, मग टेरिपॅराटाइड. रोज एक टोचणी, दोन वर्षं.
‘आणि दोन वर्षांनी?’
‘हे बंद. हाड टिकवायला दुसरं.’
‘आणि त्यानंतर?’
मी पावती फाडली. तिनं दोनदा घडी घातली.

सेमाग्लुटाइड मधुमेहाच्या चिठ्ठीवर येतं,
लग्नाच्या तारखेवर मागतात.
मळमळेल, सांगते. चालेल, म्हणतात.
चिठ्ठी? डॉक्टर तोंडी बोललेत.
तोंडी डॉक्टर माझ्या वहीत मावत नाहीत.

आणि मग जॉयविन आला, शिवोलीचा,
उजव्या बगलेत पळणारा, आता डावा पाय ओढत.
रात्रीचे नऊ, त्याच्या वाड्यावर वीज गेलेली,
मासळीवाल्याकडून आणलेल्या बर्फात, डब्यात, एक कुपी.
‘फक्त आजची रात्र ठेव, ताई.’
बीपीसी. पंधरा अक्षरं.
‘गुडघ्याचं लिगामेंट जोडतं, सगळे घेतात.’
सगळे कोण? उंदीर, बहुतेक. उंदरांचे पाय जोडले गेले, वाचलंय मी.
माणसांचं मोजून कोणी फारसं सांगितलेलं नाही.
लेबलवर कंपनी नाही, बॅच नाही,
फक्त बारीक अक्षरांत: केवळ संशोधनासाठी, माणसांसाठी नाही.
मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.
तो हसला. ‘मग मीच संशोधन.’

फ्रिजला कायदा कळत नाही. त्याला सगळं सारखंच थंड.
पण परवाना माझ्या नावावर आहे, भिंतीवर, बाबांच्या फोटोच्या वर.
नाही ठेवलं.
तो बर्फ गळणारा डबा घेऊन परत गेला,
फरशीवर थेंबांची ओळ, दारापर्यंत.

आठवड्यानं आला. टोचल्या जागी लाल, गरम, सुपारीएवढं.
सरकारी इस्पितळात पाठवला, रिक्षाचं भाडं दिलं.
औषधानं झालं, की पाण्यानं, की सुईनं?
कुपी त्यानं फेकून दिली होती, विचारायचं कोणाला?

रात्री शटर अर्धं ओढून वही उघडली.
नाव, औषध, बॅच, डॉक्टर, तारीख:
पाचांपैकी तीन रकाने त्याच्यासाठी कोरेच राहणार.
तरी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
जॉयविन. डावा गुडघा. लाल, तीन दिवस. ताप नाही.
पुढे एक प्रश्नचिन्ह.

त्याखाली जागा सोडलीय.
पुढच्या शनिवारी दुसरा कोणी येईल,
दुसऱ्या गावाचा, दुसऱ्या पायाचा.
फ्रिजचं दार नीट लागत नाही म्हणून
मी त्याला पाठ टेकून उभी राहते, वीज येईपर्यंत.